विमानाला हूक नाही

विमानप्रवास सुखाचा व्हावा म्हणून सोबत काय काय घ्यावं, याचं पत्र इसहाकनं अमेरिकेहून पाठवलं आणि ते वाचून दयाच्या तळपायाची आग मस्तकाला गेली.

पत्र तसं प्रेमानं लिहिलेलं होतं, नाही असं नाही. डोळ्यांवर बांधायला एक काळी पट्टी घे, म्हणजे दिवसाही झोप लागते. मानेखाली छोटीशी उशी असू दे. कानात घालायला कापूस. पायांत लोकरीचे मोजे, कारण विमानात गार होतं. चघळायला पेपरमिंटच्या गोळ्या. आणि वेळ जावा म्हणून एखादं हलकंफुलकं पुस्तक.

दयानं पत्र खाली ठेवलं आणि मांडीवरच्या योनाकडे पाहिलं. योना तेव्हा पत्राचं पाकीट खात होता.

अकरा महिन्यांचं पोर मांडीवर घेऊन, डोळ्यांना पट्टी बांधून, कानात बोळे घालून हलकंफुलकं पुस्तक वाचणारी आई तिच्या डोळ्यांसमोर उभी राहिली. डोळे बांधले, कान बुजवले. आता नाकात तेवढा कापूस घातला की लोकांनी येऊन खांदाच द्यायचा! आणि हे सांगतंय कोण? तर राहुरीहून नगरला जायचं म्हटलं तरी ज्याला स्वतःचा रुमाल सापडत नसे, तो माणूस. ज्वारीवर संशोधन करायला म्हणून विद्यापीठानं त्याला धाडलं तेव्हा योना पोटात होता. बापानं लेक पाहिला होता तो फक्त एका फोटोत. त्या फोटोत योना दुपट्यावर पालथा पडला होता, रडत नव्हता, ओला नव्हता, काही मागत नव्हता. बापाच्या लेखी तो अजूनही तसाच पडून असणार. त्याच्यासाठी कशाला काही लिहायचं?

योनाचं खरं प्रकरण वेगळं होतं. योना झोळीत झोपायचा. झोळीतच झोपायचा. पलंगावर ठेवला की तो डोळे टक्क उघडून बघायचा, मांडीवर घेतला की कुस्ती खेळायचा, पण स्वयंपाकघरातल्या तुळईला राहीबाईंचं, म्हणजे दयाच्या सासूबाईंचं, जुनं मऊ लुगडं बांधलं आणि त्यात त्याला टाकून दोन झोके दिले की तो असा झोपायचा, की शेजारी कारभारी पाटलांचा पंप सुरू झाला तरी पापणी हलायची नाही. एकदा ते लुगडं धुऊन वाळत घातलेलं होतं तेव्हा योनानं दुपारभर जो टाहो फोडला, त्यानं पाटलांच्या म्हशीनं त्या दिवशी दूध चोरलं. ही गोष्ट मालनबाई पाटलीण अजून सांगत असे, आणि कौतुकानं नव्हे.

आता विमानाचा प्रवास सगळा मिळून दिवसभराहून मोठा. उतरल्यावर बाप पहिल्यांदा लेकाला बघणार. तो लेक कसा दिसावा? झोप झालेला, गुबगुबीत, हसरा. आणि त्याला घेऊन येणारी बायकोही जरा माणसात असावी. न झोपलेला योना आणि त्याला वागवून पिंजारलेली दया, हे ध्यान इसहाकच्या पुढ्यात नेऊन उभं करायची तिची तयारी नव्हती. जगात दुसरं काही होवो न होवो, योना वाटेत झोपला पाहिजे.

"आई, मी झोळी घेऊन जाणार," तिनं जाहीर केलं.

"जा की," राहीबाई म्हणाल्या. "लुगडं देते, दोर देते. हूक तेवढा बघून घे."

"हूक?" मधल्या खोलीतून आवाज आला. तो दयाचे सासरे शलमोन मास्तर यांचा. मिशनच्या शाळेत आयुष्यभर हेडमास्तर राहिलेला माणूस, पेन्शनीत गेला तरी दुसऱ्या खोलीतलं बोलणं ऐकू येण्याची त्यांची शक्ती शाबूत होती. "विमानात झोळी? साहेबलोकांच्या देखत? उद्या म्हणाल दोन विटा द्या, चूल मांडते."

"मग साहेबाची पोरं काय उभ्यानं झोपत्यात?" राहीबाईंनी विचारलं.

यावर मास्तर चष्मा पुसत बाहेर आले.

तोवर कुंपणापलीकडून मालनबाई आलीच होती. तिला कुणी बोलावलं नव्हतं. पण सल्ला द्यायचा असला की तिला बोलवावं लागत नसे. "आवो दयाबाई, यष्टीला वरती दांडी आस्ती न्हवं धरायला? तशी इमानाला नसंल व्हय? इतक्या उंच जायचं आन् धरायला काईच न्हाई, आसं कुटं आस्तंय का?"

हे मुद्द्याचं होतं. पण विमान आतून पाहिलेलं माणूस आळीत कुणी नव्हतं. मालनबाईच्या भावानं पुण्याला एक विमान पाहिलं होतं, तेही बाहेरून, आणि त्याच्या म्हणण्याप्रमाणे त्याला बाहेरून तरी हूक दिसला नव्हता.

अखेर मास्तरांनी चष्मा लावला आणि विमान कंपनीच्या मुंबईच्या कचेरीला इंग्रजीत पत्र लिहायला घेतलं. झोळी त्यांना मान्य नव्हती. पण इंग्रजीत पत्र लिहायची संधी पेन्शनीत वारंवार येत नाही. पत्रात त्यांनी प्रथम हिंदुस्थानातल्या शिशुसंगोपनाच्या पद्धतींचा थोडक्यात इतिहास दिला, मग झोळीची रचना समजावून सांगितली आणि शेवटी अदबीनं विचारलं, की आपल्या विमानाच्या छतास लोखंडाचा अथवा अन्य धातूचा हूक आहे किंवा कसे. पत्र आळीला वाचून दाखवण्यात आलं. मालनबाईला त्यातलं अक्षर कळलं नाही, तरी तिनं "लई झ्याक" असं मत दिलं.

उत्तर आलं. विमानाला हूक नाही. मात्र आमच्याकडे लहान मुलांसाठी भिंतीला अडकवायचा पाळणा मिळतो. त्यात मूल दहा किलोपर्यंतचं चालतं. तरी आपल्या मुलाचं वजन कळवावं.

"पाहिलंत?" मास्तर म्हणाले. "सुधारणा म्हणतात ती ही!"

"तो पाळणा हलतो का?" दयानं विचारलं.

"भिंतीला अडकवलेला कसा हलेल?"

"मग त्याला पाळणा कशाला म्हणायचं? पेटी म्हणा की!"

"पेटी म्हणू नकोस गं, पेटीत मेलेलं माणूस ठेवतात," राहीबाई पटकन म्हणाल्या आणि योनाच्या डोक्यावरून हात फिरवला.

दयाला खरं तर रडू येत होतं. लेकरू तिचं, झोप त्याची, जागरण तिचं, आणि ठरवणार मुंबईचा कुणी कारकून आणि मधल्या खोलीतले हेडमास्तर! पण पेटी तर पेटी, निदान रात्री हात तरी मोकळे राहतील, असा विचार करून ती योनाला घेऊन वजन करायला निघाली. मास्तर पुढं, मागं दया, तिच्यामागं राहीबाई, आणि काही काम नसताना मालनबाई.

दवाखान्यात कंपाउंडर एकटाच बसला होता. लहान मुलांचा काटा दुरुस्तीला नगरला गेलेला. मोठ्या माणसांचा काटा डॉक्टरांच्या खोलीत. खोलीला कुलूप. डॉक्टर मेव्हणीच्या लग्नाला, किल्लीसह.

"मग आजारी माणसांनी काय करायचं?" दयानं चिडून विचारलं.

"आजारी मानसाला वजनाचं काय काम, बाई?" कंपाउंडर म्हणाला. "ते कमीच हुतं."

बाजारचा दिवस होता. दवाखान्यासमोरच आसाराम वाण्याचं दुकान, आणि दुकानापुढं साखळ्यांची भली मोठी तागडी लटकलेली. मास्तरांना ती दिसली आणि त्यांच्या चेहऱ्यावर गणित सुटल्याचा आनंद पसरला.

"आसारामशेठ, दहा किलोची वजनं आहेत का?"

"मोटी वजनं गुऱ्हाळावं गेलीत, मास्तर. कशाला पायजे हुती?"

"या मुलाचं वजन दहा किलोच्या आत आहे की बाहेर, एवढंच बघायचंय."

आसारामशेठनं डोकं खाजवलं. मग त्यानं गोणपाटावरची एक गुळाची ढेप थोपटली. "मंग ही हाय की! बरुबर धा किलोची. काल मीच तोलून घेतली."

यात चूक कुणाची, हे दयाला पुढं कधीही ठरवता आलं नाही. दहा किलोशी तुलना करायची, दहा किलोची ढेप समोर आहे, तागडी टांगलेली आहे. शाळेतलं पोरही हेच करील. मास्तरांनी ढेप एका पारड्यात ठेवली, दयानं योनाला दुसऱ्या पारड्यात बसवलं. योनाला ते फार आवडलं. कित्येक दिवसांनी त्याला कुणीतरी मनासारखं झुलवत होतं.

पण भर बाजारात एका पारड्यात लेकरू आणि दुसऱ्या पारड्यात गूळ, हे दृश्य नगर जिल्ह्यात ज्यानं कुणी पाहिलं, त्याला त्याचा अर्थ सांगावा लागत नाही.

भाजी घेऊन चाललेली एक म्हातारी थबकली. तिनं पाटी खाली ठेवली, वहाणा काढल्या आणि हात जोडले. "नवसाचं हाय व्हय गं?"

"नाही हो आजी, विमानासाठी..." दया म्हणाली.

"इमानानंच फेडावा, बाई," म्हातारी म्हणाली आणि मागं वळून ओरडली, "आगं या, गुळानं तुला चाललीया! मास्तरांच्या नातवाची!"

माणसं जमली. कुणाचा नवस, कुणाला बोललेला, याची चर्चा मागच्या मागं सुरू झाली आणि तो मढीच्या कानिफनाथाला बोललेला असावा, असं एकमतानं ठरलंही. इकडं मास्तरांचं लक्ष काट्यावर. योनाचं पारडं खाली बसलं होतं. "अंगरखा काढ," त्यांनी हुकूम सोडला. दयानं अंगरखा काढला. "टोपडं." टोपडं निघालं. "कमरेची साखळी." साखळी निघाली, तशी दोन्ही पारडी थरथरत क्षणभर अगदी समोरासमोर आली.

"दहा!" मास्तर ओरडले. "बरोबर दहा!"

"तुला झाली! झाली!" गर्दी ओरडली. कुणीतरी नारळ फोडला. कुंकवाच्या दुकानातून एक चिमूट आली आणि योनाच्या कपाळाला लागली. आणि तुला झाल्यावर गूळ वाटतात हे सर्वांना ठाऊक असल्यामुळं शिस्तीत हात पुढं आले.

"अहो, थांबा! हा प्रसाद नाही!" मास्तर म्हणत होते.

"आवो, ढेप माज्या दुकानातली हाय!" आसारामशेठ म्हणत होता.

पण देवाच्या कामात दुकानदाराचं कोण ऐकतं? पहिल्या म्हातारीनं टवका काढला, भक्तिभावानं तोंडात टाकला आणि मग टवक्यामागून टवका निघत गेला. जसजशी ढेप झिजली, तसतसा योना खाली जाऊ लागला. लोकांना ते शुभ वाटलं. "भरतंया बघा लेकरू!" एक जण म्हणाला. अखेर योनाचं पारडं धप्पकन् भुईला टेकलं आणि पलीकडचं रिकामं पारडं मास्तरांच्या टोपीला लागलं. योनाच्या तोंडातही गूळ होता. तो त्याला कुणी दिला, हे मालनबाईनं कधीच कबूल केलं नाही.

दयानं कुंकू पुसलं, उघड्या पोराला पदरात गुंडाळलं आणि ती घराकडं जी सुटली, ती मागं बघायला तयार नव्हती. आपलं पोर म्हणजे काय जत्रा वाटली लोकांना?

रविवारी उपासना झाल्यावर पाळकसाहेबांनी मास्तरांना चर्चच्या पायरीवर गाठलं. मास्तर चर्चच्या पंच कमिटीतले ज्येष्ठ सभासद. पाळकसाहेबांचा चेहरा गंभीर.

"मास्तर, तुम्ही नातवाची तुला केलीत, असं कानावर आलंय."

"केली," मास्तर म्हणाले. त्यांचे कान लाल झाले होते.

"कोणाला?"

"विमान कंपनीला!"

एवढं मोठ्यानं मास्तर वर्गातसुद्धा कधी बोलले नव्हते. सगळी मंडळी वळून बघू लागली. दयाला वाटलं, आत्ताच्या आत्ता विमान यावं आणि तिला इथून उचलून न्यावं, पाळणा असो वा नसो. बरं, एवढ्यावर संपावं? तर पोराला परदेशी धाडायचं मनात असलेल्या दोन बायका संध्याकाळी दाराशी येऊन विचारून गेल्या, की मढीला नुसता गूळ चालतो की खोबरंही लागतं.

मास्तरांनी मात्र सत्याची कास सोडली नाही. त्यांनी कंपनीला कळवलं, की मूल उपाशी आणि उघडं असताना बरोबर दहा किलो भरतं. कंपनीचं उत्तर उलट टपाली आलं: कपडे घातलेल्या आणि जेवलेल्या स्थितीत प्रवासाच्या दिवशी पाहू.

"बघू म्हणजे काय?" दया भडकली. "तिथं आभाळात गेल्यावर बघणार? मी लुगडं घेणार, दोर घेणार, आणि मला आता कुणी काही सांगू नका!"

लगेच सगळ्यांनी सांगायला सुरुवात केली. राहीबाईंनी बाळगुटीच्या मुळ्या बांधून दिल्या आणि त्या उगाळायला दगडी सहाण, जिच्या वजनानं पिशवीचा बंदच तुटला. मालनबाईनं वेखंड आणलं आणि दृष्ट काढायला मिरच्या. मास्तरांनी शब्दकोश काढला. तिकडं कुठला शब्द अडला तर काय करशील, असं त्यांचं म्हणणं. दया मुकाट्यानं एकेक वस्तू भरायची आणि सगळे बाजूला झाले की एकेक काढायची. इसहाकची उशी, पट्टी आणि पुस्तक तिनं आधीच काढून टाकलं होतं. राहिलं लुगडं आणि दोर.

मुंबईला विमानतळावर दोर अडला. विमानं पळवून नेण्याचे प्रकार तेव्हा नुकतेच पेपरात येऊ लागले होते, आणि तपासणीला बसलेला अधिकारी पेपर वाचणारा होता.

"बाई, हा दोर कशाला?"

"बांधायला."

"कोणाला?"

"माझ्या मुलाला," दया म्हणाली आणि अधिकाऱ्याचा चेहरा बघून तिनं घाईनं पुढं जोडलं, "झोपायला!"

हे त्याला अधिकच भयंकर वाटलं. झोळी म्हणजे काय, हे तिनं त्याला समजावलं. तो म्हणाला, मीही झोळीतच वाढलोय, पण दोर जाणार नाही. झोळीत वाढलेल्या माणसानं असं बोलावं! दोर परत पाठवण्यात आला. काचेपलीकडं मास्तर तो हातात धरून उभे राहिले, आणि राहीबाई डोळे पुसत त्यांच्यावर अशा रागावल्या होत्या, जणू दोर त्यांनीच हिसकावून घेतला. दयानं लुगडं शालीसारखं अंगाभोवती घट्ट गुंडाळलं. आता हे कुणी मागितलं असतं, तर तिनं खरंच विमान पळवलं असतं.

विमानातल्या बाईनं योनाकडं एकदाच पाहिलं. तो कपडे घातलेला होता आणि जेवलेला होता. पाळणा पुढच्या रांगेतल्या एका काडीएवढ्या पोराला मिळाला.

जेवणं झाली. विमान सूर्याच्या मागं मागं पश्चिमेला चाललेलं, त्यामुळं दुपार काही संपेना. खिडक्यांचे पडदे ओढले गेले, लोकांनी पाय पसरले, आणि योनाला झोप आली. झोप आली म्हणजे त्यानं तोंड उघडलं. पाटलांची म्हैस तिथं नव्हती, पण बाकी सगळी माणसं होती. पुढच्या साहेबांनी कानावर हात ठेवले. शेजारचे गुजराती काका म्हणाले, पाणी पाजा. मागची बाई म्हणाली, कान दुखत असेल. कुणी ओवा सुचवला, कुणी पालथं झोपवा म्हणालं. राहुरी मागं राहिली होती, पण सल्ले तिच्यासोबत विमानात चढले होते. आणि मग ती पाळणा नाकारणारी बाई येऊन गोड हसून म्हणाली, "प्लीज, बाळाला जरा शांत ठेवा."

दया उठून उभी राहिली. "शांत ठेवू? कशानं? तुमच्या विमानाला पंख आहेत, चाकं आहेत, हात धुवायला गरम पाणी आहे. एक हूक नाही? माणसं आभाळात उडवता आणि लेकरू झोपवता येत नाही तुम्हाला?"

हे सगळं ती मराठीत म्हणाली, कारण रागात मिशनच्या शाळेतलं इंग्रजी कामाला येत नाही. तिनं अंगावरचं लुगडं सोडलं, त्याच्या दुहेरी घडीत योनाला घातलं आणि एक टोक आपल्या खुर्चीच्या हाताला आवळून बांधलं. दुसरं टोक हातात घेऊन ती तशीच उभी राहिली. आता ते कुठं बांधायचं? दुसरा हूक कोण देणार?

मधल्या वाटेपलीकडं एक म्हातारी पंजाबी बाई बसली होती. सलवार-कमीज, जाड भिंगांचा चष्मा, हातात माळ. तिनं सल्ला दिला नाही. तिनं माळ गळ्यात घातली, हात लांब करून दयाच्या हातातून लुगड्याचं टोक घेतलं, आपल्या खुर्चीच्या हाताला दोन वेढे दिले आणि उरलेलं मनगटाभोवती गुंडाळून ताठ बसली. मग मान हलवून तिनं खूण केली: चल, दे झोका.

दयानं खुर्चीत बसून झोका दिला. झोळी वाटेवर आडवी, दोघींच्या मधोमध हलू लागली. योनाचा आवाज आधी खाली आला, मग तुटला, मग त्याची एक मूठ लुगड्याबाहेर लोंबू लागली. सगळं विमान श्वास रोखून त्या मुठीकडं बघत होतं. मूठ उघडली. झोपला.

मागून चहाची गाडी आली आणि झोळीपाशी अडली. पुढच्या साहेबांनी वळून विचारलं, "चहाचं काय?" त्यावर दहाबारा माणसं एकदम त्यांच्यावर फिस्कारली, "शूऽऽ!" विमानातल्या बाईनं एकदा झोळीकडं पाहिलं, एकदा साहेबांकडं, मग चहाचा पेला हातात धरून, साडी सावरत, ती झोळीखालून वाकून पलीकडं गेली. साखर द्यायला परत वाकून आली.

हळूहळू दिवे मंद झाले. गुजराती काका घोरू लागले. साहेबांची मान खांद्यावर पडली. म्हातारीनंही खुर्चीच्या पाठीला डोकं टेकलं. मनगटावरचा वेढा मात्र तिनं सोडला नव्हता. दया झोका देत राहिली. तिचा हात भरून आला होता, पायाला मुंग्या आल्या होत्या, आणि तिला केव्हापासून उठायचं होतं. पण तिनं लुगड्याच्या फटीतून योनाचा गाल पाहिला, झोपेनं फुललेला, लाल, असा की बापानं बघतच राहावं.

मग तिनं मान वर करून विमानभर पाहिलं. रागवायला कुणीतरी हवं होतं. पण एवढ्या माणसांत एकही माणूस तिला काही सुचवत नव्हता. सगळे झोपले होते.